नोव्हेंबरात लेक दुरावली नाही, तिकडचं घड्याळ सरकलं

‘नमस्कार. माझं वय 68. गेल्या श्रावणात हे अचानक गेले. तेव्हापासून मी पुण्यात मुलगा-सुनेकडे राहते. मुलगी अमेरिकेत सिएटलला असते, तिला चार वर्षांचा मुलगा आहे. रोज सकाळी आठला आमचा व्हिडिओ कॉल ठरलेला. दिवाळी झाली आणि तिचं लक्षच लागेनासं झालं. फोन उचलते आणि ‘आई, नंतर करते’ म्हणून ठेवून देते. विचारलं तर म्हणते, इकडे वेळ बदलली. वेळ कशी बदलेल? नातवाच्या वाढदिवसाला मी सकाळी सकाळी हौसेनं फोन केला, तर म्हणाली, ‘आई, वाढदिवस उद्या आहे.’ तारीख मला पाठ आहे. दुपारी पाठवलेले मेसेज ती दुसऱ्या दिवशी बघते. हे गेले त्या दिवशी तिला फोन मीच केला होता, तिकडे रात्रीचे दोन वाजले होते. तिसऱ्या दिवशी ती पोचली, पण दहाव्याला घर माणसांनी भरलेलं असताना आत झोपून राहिली. जावा बोलल्या. माझ्याही मनात ते राहिलंय.

मुलगा अमेरिकेतल्या कंपनीचं काम घरून करतो. दिवाळीपर्यंत रात्री साडेदहाला खोलीतून बाहेर यायचा, माझ्याशी दोन शब्द बोलायचा. आता मी झोपल्यावर येतो आणि सकाळी दहापर्यंत उठत नाही. सून शाळेत शिकवते, ती सहाला उठते. दोघांची भेटच नाही. दोन्ही मुलं एकदमच माझ्यापासून लांब गेली का? आणि येत्या श्रावणात यांचं वर्षश्राद्ध आहे. मुलीला तिच्या घरीही काही करायचंय. तिनं कोणता दिवस धरायचा? – एक आई, पुणे’

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना वाईट वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना तुमच्याच शब्दांत एक गोष्ट सापडली आणि हायसं वाटलं. तुम्ही लिहिलंय की दोन्ही मुलं ‘एकदमच’ बदलली, दिवाळीनंतर. ताई, सिएटलची मुलगी आणि पुण्यातला मुलगा एकाच आठवड्यात आईला कंटाळत नाहीत. त्या दोघांच्या आयुष्यात एक गोष्ट मात्र खरोखर एकाच रविवारी घडली. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी जवळजवळ सगळ्या अमेरिकेनं आपली घड्याळं एक तास मागे केली. मुलगी ‘वेळ बदलली’ म्हणाली ते बहाणा म्हणून नाही, अगदी शब्दशः खरं आहे.

हिशेब करून बघू. उन्हाळ्याच्या वेळापत्रकात सिएटल आपल्या साडेबारा तास मागे असतं. तुमच्याकडे सकाळचे आठ, तेव्हा तिच्याकडे आदल्या संध्याकाळचे साडेसात. लेकराचं जेवण झालेलं, अंघोळ झालेली, तीही जरा टेकलेली. घड्याळ मागे गेलं की हे अंतर साडेतेरा तासांचं होतं. तुम्ही तुमच्या नेमानं आठलाच फोन करता, पण आता तिकडे वाजलेले असतात साडेसहा. पाळणाघरातून मुलाला घेऊन ती नुकती घरात शिरलेली असणार. मुलगा भुकेनं कुरकुरतोय, ओट्यावर काहीतरी चढवायचंय, आणि बाहेर मिट्ट काळोख. सिएटल आपल्या मानानं खूप उत्तरेला आहे, तिथे डिसेंबरात दुपारी सव्वाचार-साडेचारलाच सूर्य मावळतो. त्या तासाला ‘आई, नंतर करते’ म्हणते ती मुलगी तुम्हाला टाळत नाहीये. तुमची वेळ तुमच्या नकळत तिच्या दिवसातल्या सगळ्यांत ओढाताणीच्या तासावर जाऊन पडली आहे.

म्हणून पहिलं आणि सगळ्यांत सोपं काम. उद्यापासून फोन आठऐवजी नऊला करा. तिकडे पुन्हा साडेसात असतील.

रोज आकडेमोड करायला नको म्हणून एक युक्ती सांगते. सिएटलचं अंतर साडेबारा तासांचं असल्यामुळे भिंतीवरच्या काट्याच्या घड्याळाला बारा तास दिसतच नाहीत, उरतो फक्त अर्धा तास. तेव्हा उन्हाळ्यात आपल्या घड्याळातून अर्धा तास वजा करायचा, हिवाळ्यात दीड तास, आणि सकाळची संध्याकाळ करायची. आपली सकाळ म्हणजे तिची आदल्या दिवशीची संध्याकाळ. आपली संध्याकाळ म्हणजे तिची त्याच दिवशीची सकाळ. एवढं डोक्यात बसलं की वाढदिवसाचा घोटाळाही सुटतो. तुम्ही तारीख बरोबरच पाठ केली आहे. पण तुमच्याकडे ती तारीख उजाडली तेव्हा नातवाकडे आदली संध्याकाळ चालू होती. पुढच्या वर्षी त्या तारखेच्या सकाळी मन आवरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करा. तेव्हा तिकडे वाढदिवसाची संध्याकाळ असेल आणि तुम्ही केक कापताना हजर असाल.

तारखेच्या या गमतीचा अनुभव आमच्या घरीही आहे. माझा थोरला भाऊ व्यापारी जहाजावर होता. लॉस एंजेलिसहून जपानकडे जाताना पॅसिफिक महासागराच्या मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडावी लागते, आणि पश्चिमेकडे जाणाऱ्या जहाजावर त्या वेळी तारीख एक दिवस पुढे करतात. एका वर्षी नेमका त्याचा वाढदिवसच गळाला. रात्री झोपला तेव्हा आदला दिवस होता, उठला तेव्हा नंतरचा. आईला त्यानं तसं पत्र पाठवलं आणि आई रडली. आपण लेकराला औक्षण केलं तो दिवस त्याच्या वाट्याला आलाच नाही, असं तिला वाटलं. माणसाचं मन असंच असतं ताई, त्याला तारीख ही खरी जागा वाटते. पण ती कागदावरची रेघ आहे, आणि सोय पडेल तशी माणसं ती हलवतातही. सामोआ या बेटांच्या देशानं 2011 मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी व्यापार सोपा व्हावा म्हणून वाररेषेच्या पलीकडची बाजू धरली. तिथे 30 डिसेंबर हा दिवसच आला नाही. 29 नंतर थेट 31.

तुम्ही विचारता, वेळ कशी बदलेल? सूर्याची वेळ बदलत नाही, ती बदलणं कुणाच्या हातात नाही. पृथ्वी 24 तासांत 360 अंश फिरते, म्हणजे तासाला 15 अंश, एका अंशाला 4 मिनिटं. या हिशेबानं प्रत्येक गावाची माध्यान्ह वेगळी. पूर्वी तसंच चालायचं, ज्या गावात सूर्य डोक्यावर त्या गावात बारा. आगगाड्या आल्या आणि पंचाईत झाली. गाडी कुठल्या गावाच्या बाराला सोडायची? अमेरिकेत तर रेल्वे कंपन्यांनीच 18 नोव्हेंबर 1883 रोजी आपसात वेळेचे पट्टे ठरवून टाकले. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टनला, 25 देशांची परिषद झाली आणि लंडनमधल्या ग्रिनीचचं रेखावृत्त शून्य धरलं गेलं.

आपल्याकडे हा प्रश्न घराघरात भांडला गेला. मुंबईची स्वतःची वेळ होती, ग्रिनीचच्या 4 तास 51 मिनिटं पुढे. कलकत्त्याची वेगळी. रेल्वे चालायची मद्रासच्या वेळेवर, कारण मद्रास दोन्हींच्या मध्ये आणि वेधशाळा तिथे. 1 जानेवारी 1906 पासून सरकारनं साऱ्या देशासाठी एकच वेळ आणली, ग्रिनीचच्या साडेपाच तास पुढची, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावरची. तो अर्धा तास तुम्हाला खटकतो ना, त्याचं मूळ इथे आहे. पाच तासांची रेघ 75 अंशांवर येते आणि आपल्या पश्चिम भागातून जाते. सहा तासांची 90 अंशांवर, ती थेट आसामच्या बाजूला. दोन्हींच्या मधोमध धरली तर देशाला त्यातल्या त्यात बरी पडते. नेपाळ तर त्याच्याही पुढे 15 मिनिटं आहे.

पण मुंबईकरांनी ती वेळ सुखासुखी घेतली नाही. एकदम 39 मिनिटं पुढे जायचं होतं. गिरणी कामगारांना पहाटेच्या आणखी अंधारात घर सोडावं लागणार होतं, त्यांनीही विरोध केला. सरकारी कचेऱ्या आणि रेल्वे नव्या वेळेवर, महापालिका मात्र ‘मुंबई टाइम’वर, असं शहर 1955 पर्यंत चाललं. आमचे आजोबा गिरगावात राहायचे. लग्नपत्रिकेत मुहूर्तापुढे ‘स्टँ. टा.’ म्हणजे स्टँडर्ड टाइम लिहिलंय का ‘मुं. टा.’, हे पाहिल्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही, असं ते सांगत. मला ती माणसं हट्टी वाटत नाहीत. आपली सकाळ दुसऱ्या कुणीतरी ठरवावी, हे कुणालाच सोसत नाही.

आजही पुण्यात सूर्य माथ्यावर येतो तेव्हा आपल्या घड्याळात सरासरी बारा वाजून 35 मिनिटं झालेली असतात. म्हणजे पुण्याची स्वतःची वेळ आपण कधीच सोडून दिलेली आहे, फक्त आता सवयीनं ते बोचत नाही. (घरात कुणा ज्येष्ठाची पत्रिका 1942 ते 1945 मधली असेल तर तीही एकदा तपासून घ्या. महायुद्धामुळे 1 सप्टेंबर 1942 ते 15 ऑक्टोबर 1945 या काळात भारतातही घड्याळं एक तास पुढे होती.)

अमेरिकेतली घड्याळं वर्षातून दोनदा हलतात तीही अशाच एका ठरावानं. उन्हाळ्यात दिवस मोठा असतो, तर घड्याळ एक तास पुढे करून संध्याकाळचा उजेड वापरायचा, अशी ती कल्पना. पहिल्या महायुद्धात इंधन वाचवायला जर्मनीनं 1916 मध्ये ती देशभर लागू केली, मग इतरांनी. सध्याचा अमेरिकी नियम 2007 पासूनचा आहे. मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. तिथल्या लोकांनाही हे आवडतं असं नाही. तुमची मुलगी राहते त्या वॉशिंग्टन राज्यानं 2019 मध्ये वर्षभर उन्हाळी वेळच ठेवण्याचा कायदा केला, पण केंद्राची परवानगी लागते आणि ती मिळालेली नाही. ॲरिझोना राज्याचा बहुतेक भाग आणि हवाई बेटं घड्याळाला हातच लावत नाहीत. युरोपात हा बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. ऑस्ट्रेलियात सिडनी-मेलबर्नकडे सगळं उलटं, तिथला उन्हाळा आपल्या थंडीत येतो ना. तुमच्या नात्यातलं कुणी तिकडे असेल तर हा हिशेब वेगळा करावा लागेल.

आता दहाव्याच्या झोपेबद्दल. हे तुमच्या मनात राहिलंय असं तुम्ही लिहिलंत, म्हणून यावर जरा थांबते.

आपल्या मेंदूत, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या अगदी वर, पेशींचा एक इवलासा पुंजका आहे. शरीराचं मुख्य घड्याळ ते. डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून ते स्वतःला लावून घेतं आणि मग झोप, भूक, अंगाची उष्णता, सगळ्यांना वेळ वाटून देतं. हे घड्याळ आपल्या पेशींच्या आत कसं चालतं ते उलगडणाऱ्या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना 2017 चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. या घड्याळाला विमान कळत नाही. ते दिवसाला साधारण तासाभरानं सरकतं, तेवढंच. तुमची मुलगी साडेबारा तासांचं अंतर ओलांडून आली होती. तुमच्याकडे दुपारचे दोन वाजले, माणसं भेटायला येऊ लागली, तेव्हा तिच्या शरीरात रात्रीचे दीड वाजलेले होते. दहाव्यापर्यंतच्या त्या सात दिवसांत तिचं शरीर अर्ध्या वाटेवर कुठेतरी पोचलं असेल. त्यात वडील गेलेले, प्रवासात डोळ्याला डोळा लागलेला नसणार. ती आत झोपली ते दुःख नव्हतं म्हणून नाही. तिचं शरीर अजून समुद्रापलीकडेच होतं.

जावांना हे समजावत बसायची गरज नाही. पण मुलीला एकदा सांगा, ‘तू तेव्हा का झोपली होतीस ते मला आता कळलं.’ त्या दिवशी लोक काय बोलले ते तिच्या कानांवर गेलं असणार, आणि ते ओझं घेऊन ती परत गेली असणार. तुमच्या तोंडून हे एक वाक्य तिला ऐकायला मिळायला हवं.

दुसरी गोष्ट त्या रात्रीच्या फोनची. परदेशात राहणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला एकच भीती असते, रात्री दोनला वाजणारा घरचा फोन. तुमच्या मुलीला तो फोन आला. तुमच्यावर तो करायची वेळ आली, आणि तुम्ही तो केलात, यात तुमची काही चूक नाही. मात्र आता तुम्ही दुपारी तीनला सुविचार पाठवता किंवा कुणाच्या साखरपुड्याचे फोटो पाठवता तेव्हा तिकडे रात्रीचे दीड वाजलेले असतात. अंधारात उशाशी फोन खणखणला की तिच्या छातीत काय होत असेल, याची कल्पना करा. तिनं रात्री फोनचा आवाज बंद केला असेल तर तो तुमचा आवाज बंद केलेला नाही. दोघी मिळून असं ठरवा: दुपारचे मेसेज तुम्ही खुशाल पाठवा, ती सकाळी उठल्यावर बघेल, उत्तर आलं नाही म्हणून राग नाही. खरोखर तातडीचं असेल तर मेसेज नाही, सरळ फोन. तुमचा नंबर आवाज बंद असतानाही वाजेल अशी सोय फोनमध्ये असते, ती तिला करून ठेवायला सांगा. मग बाकीच्या वेळी उशाशी शांतता आहे म्हणजे घरी सगळं ठीक आहे, एवढं तिला कळेल. तिच्या झोपेसाठी याहून मोठं काही तुम्ही इथून पाठवू शकणार नाही.

मुलाकडे वळते. न्यूयॉर्ककडचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेदहा. तिकडच्या लोकांनी दुपारी एकला जेवायला उठायचं म्हटलं तर तोपर्यंतची मीटिंग ऑक्टोबरात आपल्याकडे रात्री साडेदहाला संपते, नोव्हेंबरात साडेअकराला. तुमच्या पत्रातली साडेदहाची वेळ वाचली तेव्हाच मला वाटलं की त्याची मंडळी त्याच बाजूची असावीत. त्यांच्या घड्याळाप्रमाणे त्यांनी काहीच बदललेलं नाही. ते रोजच्यासारखेच येतात, रोजच्यासारखेच उठतात. बदलला तो तुमच्या घरातला तास. सातासमुद्रापलीकडे एक कायदा होतो आणि पुण्यात एका आईचे झोपण्याआधीचे दोन शब्द जातात. याचा मला राग येतो, आणि तो लपवावा असं मला वाटत नाही. हिंजवडीत, खराडीत, मगरपट्ट्यात किती घरांची रात्रीची जेवणं दर नोव्हेंबरात अशी सरकत असतील! वेळेतलं अंतर दोघांचं आहे, तर त्याचा भारही दोघांनी उचलायला हवा. काही आठवडे तिकडच्यांनी सकाळी लवकर यावं, काही आठवडे आपल्यांनी उशिरा बसावं, असं ठरवून मागता येतं. हे त्यानं कामावर बोलावं. तुम्ही मात्र त्याच्यावर रागावू नका. तो तुमच्यापासून लांब गेलेला नाही, भिंतीपलीकडे बसून दुसऱ्या देशाची सकाळ काढतोय.

त्याच्या दहापर्यंतच्या झोपेला घरात आळस म्हणत असाल तर तेवढं थांबवा. रात्री दोनला झोपून दहाला उठणारा माणूस आठच तास झोपलेला असतो. वाईट काय, तर वेळा रोज बदलणं. पाच दिवस दोनला झोपायचं आणि शनिवारी-रविवारी सहाला उठून सगळ्यांसोबत देवळात जायचं, म्हणजे दर आठवड्याला विमानप्रवास केल्यासारखंच झालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2007 मध्ये रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटलं आणि 2019 मध्ये पुन्हा तपासून तेच कायम ठेवलं. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. तो पूर्ण रात्रपाळी करत नाही. पण झोप चिल्लर समजायची नाही एवढं यातून कळतं. त्याच्या खोलीला जाड पडदे लावा, कुकरची शिट्टी आणि मिक्सर दहानंतर ठेवता आला तर बघा, आणि उठल्याबरोबर त्याला गच्चीत किंवा गॅलरीत उन्हात चहा द्या. त्या पुंजक्याला उजेड लागतो.

सुनेला आणि त्याला एकमेकांसाठी वेळ मिळत नाही, ही तुमची काळजी खरी आहे. एका छताखाली ती दोघं दोन देशांत राहत आहेत. पण मध्ये बोलू नका, जागा करून द्या. ती शाळेतून येते तेव्हा तो कामाला बसायच्या आधीचा अर्धा-पाऊण तास मिळत असेल, तर त्या वेळचं जेवण त्या दोघांचं. तुम्ही तेव्हा आपलं आधी जेवून घ्या किंवा जरा पडा. आणि तुमचे दोन शब्द? ते सकाळी दहाच्या चहावर. रात्रीचे गेले ते मार्चमध्ये परत येतील.

आता वर्षश्राद्ध. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातलं 12 अंशांचं अंतर. ते आकाशात घडतं, त्यामुळे तिथी सुरू होण्याचा आणि संपण्याचा क्षण साऱ्या जगात एकच असतो. पण तो क्षण कुठे सकाळी येतो, कुठे मध्यरात्री. वार्षिक श्राद्धाला अपराह्नकाळची तिथी धरतात, म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त या दिवसाचे पाच भाग केले तर चौथा भाग, पुण्यात श्रावणात दुपारी साधारण दोन ते साडेचार. तुमच्याकडे हा अपराह्न असतो तेव्हा सिएटलला मध्यरात्र उलटलेली असते. तिचा अपराह्न येईल तो तुमच्या अपराह्नाच्या साधारण अकरा तास आधी किंवा तेरा तास नंतर. त्यामुळे तीच तिथी तिच्या गावी कधी तुमच्याच तारखेला येते, कधी एक तारीख आधी. आपल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेतल्या वेळा भारतीय प्रमाणवेळेनं दिलेल्या असतात, त्या बघून तिनं दिवस ठरवला तर चुकेल. (चतुर्थीचा चंद्रोदयही तसाच. पुण्याचा चंद्रोदय सांगून तिला उपास सोडायला लावू नका, तिच्या गावचा चंद्र तिच्या वेळेला उगवतो.) तिच्या शहरासाठीचं पंचांग आता सहज मिळतं, ते बघून तुमच्या गुरुजींना विचारा. ती जिथे आहे तिथला सूर्य तिचा.

आणि गुरुजींना विचारण्याआधी तिला विचारा की तिला नेमकं काय करायचंय. कदाचित तिला विधी नकोच असेल. वडिलांना आवडायचं ते काहीतरी करून मुलाला वाढायचं असेल, आणि त्या वेळी तुम्ही समोर दिसाव्यात एवढंच हवं असेल. तसं असेल तर तुमच्याकडे पानं मांडून झाल्यावरची वेळ तिच्या उपयोगाची नाही, तेव्हा ती झोपेत असेल. तुमची सकाळ निवडा. श्रावणात अंतर साडेबारा तासांचं असतं. तुम्ही सकाळी साडेसातला यांच्या फोटोला हार घाला, तिकडे संध्याकाळचे सात असतील, उन्हाळ्यामुळे चांगलं ऊन असेल, नातू जागा असेल. दोघींना एकाच वेळी निरांजन लावता येईल.

दिनदर्शिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी आजच खूण करून ठेवा. त्या दिवशी आपल्याकडे दुपारचे साडेतीन वाजतील तेव्हा सिएटलमधली घड्याळं तासभर पुढे जातील. मुलाला तासाभराची सवलत मिळेल, त्याच्यासाठी सोमवारी रात्री साडेदहाला जाग्या राहा. आणि सोमवारी सकाळी फोन पुन्हा आठला करा. तिकडे रविवारचे साडेसात वाजलेले असतील, सूर्य नुकताच मावळलेला असेल, आणि तुमचा नातू जेवून मोकळा झालेला असेल.